मी गेल्यावर कंपनी कोण बघणार?

सांगून ठेवतो, धंद्याचं कायदेशीर रूप माझ्याइतक्या शास्त्रशुद्ध पद्धतीने अख्ख्या नाशिक जिल्ह्यात कुणी निवडलेलं नाही! लोक आयुष्याचा जोडीदार एका बशी पोह्यांत ठरवतात. मी आठ दिवस तक्ता मांडून बसलो होतो. तीन रंगांत!

आधी धंदा सांगतो. बोलकं बुजगावणं! द्राक्षबागेत पाखरू आलं की बुजगावण्याच्या पोटातला सेन्सर जागा होतो आणि स्पीकर ओरडतो. सुरुवातीला मी वाघाची डरकाळी लावली होती. पाखरं स्पीकरवर बसून निवांत द्राक्षं खायची. मग आईचा आवाज लावला. "उठलास का रे मेल्या? दुपार झाली!" मखमलाबादपासून दिंडोरीपर्यंतचं आभाळ रिकामं! बागेतले मजूरसुद्धा जेवणाच्या सुट्टीतून दहा मिनिटं आधी उठले.

दिंडोरीकडच्या एका वायनरीने एकदम दोनशे बुजगावणी मागितली. दोनशे! अट एकच. मॅनेजर म्हणाले, "आम्ही फक्त कंपनीशी व्यवहार करतो. शुक्रवारपर्यंत कंपनीचा अर्ज भरल्याची पावती दाखवा, नाहीतर आम्ही बागेवर जाळी टाकून मोकळे."

तो सोमवार होता. मी आधीच आठ दिवस खपून केलेला तक्ता उघडला.

एकल मालकी बाद. कारण काही झालं तर थेट घरावर येतं. उद्या आईच्या आवाजाने एखादा दचकून विहिरीत पडला, तर भरपाईत आमचा झेंडूचा मळा जायचा! भागीदारी बाद. माझा मित्र राज तयार होता, पण भागीदारीत एकाने दिलेला शब्द दुसऱ्यालाही पाळावा लागतो. राजने आजवर दिलेले शब्द मी पाळायला घेतले, तर मला चार मुलींशी लग्न करावं लागेल आणि एकाला किडनी द्यावी लागेल. एलएलपी म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी, पण तिलाही माणसं दोन लागतात. प्रायव्हेट लिमिटेडलाही दोन. आणि दुसरा माणूस म्हणजे फिरून राजच!

उरली वन पर्सन कंपनी. कंपनी वेगळी, मी वेगळा. ती बुडाली तरी मी काठावर! मीच मालक, मीच संचालक, मीटिंगला उशिरा येणार मीच आणि त्याबद्दल झापणारही मीच!

मी आमच्या सीए तेजल मॅडमपुढे तक्ता ठेवला. त्यांनी तो बाजूला सरकवून त्यावर चहा ठेवला.

"वन पर्सन? छान. नॉमिनी कोण?"

"मॅडम, एकट्याची कंपनी आहे."

"म्हणून तर. तुम्ही गेल्यावर ती कोणाकडे जाणार?"

"कुठे गेल्यावर?"

मॅडमनी वर बोट केलं. मी पंख्याकडे बघितलं. मग कळलं, त्याच्याही वर.

"सज्ञान माणूस हवा, लेखी संमती हवी. गुरुवारी संध्याकाळपर्यंत सही आणा, शुक्रवारी सकाळी अर्ज भरू."

एक सही! बस्स! मी नाचतच घरी आलो. आता आमच्या घरात 'जातो' म्हणायची बंदी आहे. कोपऱ्यावर कोथिंबीर आणायला निघालो तरी 'येतो' म्हणायचं. चुकून 'जातो' म्हटलं तर परत आत बोलावतात, पाणी पाजतात आणि मग सोडतात. हे सगळं मला पाळण्यापासून माहीत. तरी आनंदाच्या भरात बोलून गेलो,

"आई, मी गेल्यावर सगळं तू बघशील ना? सीएने सांगितलंय, शुक्रवारच्या आत उरकायला हवं!"

आईच्या हातातली भाकरी तव्याऐवजी सिलिंडरवर पडली.

"सीए?"

शेजारच्या वत्सलाकाकू कुंपणापलीकडून थेट स्वयंपाकघरात आल्या. काकू तीस वर्षं दवाखान्यात आया होत्या. त्यांनी आईचा हात धरला आणि कुजबुजल्या, "वहिनी, धीर धरा. केसपेपरवर कॅन्सरला 'सीए' असंच लिहितात."

"काकू! सीए म्हणजे चार्टर्ड अकाउंटंट!"

"बघा," काकू म्हणाल्या. "आधी आधी सगळेच असं नाकारतात."

मंगळवारी दुपारी दारात जीप थांबली. पेठहून सहादूमामा आले होते. सोबत अकरा माणसं, नागलीच्या भाकऱ्यांचं गाठोडं आणि एक जिवंत कोंबडा.

"भाच्या, लय वाळलास रे!" मामा गहिवरले.

महिन्याभरात माझं वजन चार किलो वाढलं होतं. मी सगळ्यांना अंगणात बसवलं, तीनरंगी तक्ता दाखवला आणि पहिल्यापासून समजावलं. मर्यादित जबाबदारी, संचालक, नॉमिनी, सगळं! अकरा माणसं शांतपणे ऐकत होती. शेवटी एक म्हातारी म्हणाली, "डोक्यात गेलंय वाटतं."

"मामा, ते सोडा. तुम्ही सही करा ना!"

"मी?" मामा दोन पावलं मागे सरकले. "अन् उद्या तुला काय झालं तर? लोक म्हणतील, कंपनीसाठी मामानंच मारला!"

"आई, मग तू तरी!"

आईची भूमिका कायद्याच्या दृष्टीने पक्की होती. "सही झाल्याशिवाय तुला काही होणार नाही. कागदच अपुरे असतील तर यम नेणार कसा?"

बुधवारी वायनरीच्या मॅनेजरचा फोन. "रवी, तब्येतीचं कळलं. वाईट वाटलं. तुम्ही आराम करा, आम्ही जाळीवाल्याला बोलावतो."

"साहेब, मी ठणठणीत आहे! मला काहीही झालेलं नाही!"

नेमकी त्याच क्षणी पेठची म्हातारी मला फोनवर बघून गळा काढून रडली. तिला वाटलं, दवाखान्यातून निरोप आला.

"मागे कोण रडतंय?" मॅनेजरनी विचारलं.

"बुजगावणं, साहेब! नवीन मॉडेल!"



"माझ्या अंगावर काटा आला हो! त्यातलीही पन्नास द्या. पण पावती शुक्रवारीच!"

म्हणजे अडीचशे! अडीचशेची ऑर्डर, आणि एका सहीला माणूस मिळेना! राजला विचारलं, तर तो म्हणाला, "शब्द देतो, उद्या येतो." तेव्हाच मी त्याचं नाव खोडलं.

गुरुवारी चार वाजता जवळच राहणारे मोतीरामआजोबा आले. वय त्र्याऐंशी, निवृत्त हेडक्लार्क. आजाऱ्याला बघायला म्हणून दोन मोसंबी घेऊन आले होते. त्यांना माझ्या चेहऱ्यापेक्षा टेबलावरचा संमतीचा कागद जास्त आवडला. भिंग काढून त्यांनी तो उभ्याने वाचला, उलटा करून मागची कोरी बाजूही तपासली.

"कागद सरळ हाय. नॉमिनी पायजे म्हणता ना? मी करतो."

"आजोबा!" आई दचकली. "अहो, तुमचं वय…"

"वयाची वरची मर्यादा कुठं छापलीय, दाखव."

नव्हती छापलेली. आजोबांनी लफ्फेदार सही ठोकली, खाली दोन रेघा ओढल्या आणि त्याखाली तारीख, वार आणि वेळही घातली. आईने जरा हिशेब केला आणि चार दिवसांत पहिल्यांदा हसली. "बरं झालं. रांगेत ते तुझ्या कितीतरी पुढे आहेत."

शुक्रवारी अर्ज गेला, पावती मिळाली, ऑर्डर पक्की! मामा कोंबडा परत घेऊन पेठला गेले. नाही, नाही, परत पेठला आले! म्हणजे… कळलं ना तुम्हाला! पुढे मंजुरीही आली. मी संचालक झालो!

फक्त एक झालंय. मोतीरामआजोबांनी पद मनावर घेतलंय. रोज सकाळी सातच्या ठोक्याला दारात हजर!

"काय रवी, तब्येत कशी हाय?"

"एकदम झकास, आजोबा!"

"असू दे, असू दे," ते जरा खट्टू होऊन म्हणतात.

त्यांनी चहातली साखर सोडलीय. रोज तीन किलोमीटर चालतात. परवा सगळ्या तपासण्या करून आले, रिपोर्ट माझ्यापेक्षा चांगले. कामगारांना त्यांनी आत्तापासून सांगून ठेवलंय, "माझ्या काळात असं चालणार नाय!"

काल मला धुळीने एक साधी शिंक आली. एकच!

आजोबांनी प्रेमाने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं, "गोदामाच्या किल्ल्या कुठं ठेवतोस रे?"