करंदीकर सरांचं वाळवण

माझ्या मुलीच्या बारशाला करंदीकर सर आले, पाळण्यावर वाकले, चष्मा पुसून पुन्हा एकदा वाकले आणि म्हणाले, "छान आहे. पण समाजाला उपयोग काय?"

माझी आई लालबागची. तिनं घुगऱ्यांचं ताट खाली ठेवलं आणि मला विचारलं, "खंयचो रे ह्यो?" मी म्हटलं, "आमच्या कॉलेजातले. माझ्यासारखे मेकॅनिकलला शिकवतात. जाऊ दे गं."

सर हे कोणालाही विचारत. कँटीनवाल्यानं चीज डोसा सुरू केला तेव्हा त्याला विचारलं, विभागप्रमुखांनी नवी गाडी घेतली तेव्हा त्यांना विचारलं. एखादा विद्यार्थी प्रोजेक्ट घेऊन आला की आकृती उघडायच्या आत हाच प्रश्न. पोरं म्हणायची, "सर, मार्कांना उपयोग आहे ना!" सर खो खो हसायचे आणि मार्क कापायचे.

स्वतःलाही त्यांनी कधी सूट दिली नाही. उभी नोकरी समाजासाठी यंत्रं करण्यात घालवली. पायानं चालणारी खवणी केली. खोबरं झकास निघायचं, पण समोर बसलेल्याच्या तोंडावर उडायचं. चाळीचे जिने चढणारी पाण्याची गाडी केली. ती चढायची उत्तम, उतरायला मात्र काही केल्या तयार होईना. ही सगळी मंडळी आमच्या विभागाच्या पॅसेजमध्ये काचेच्या कपाटांत उभी आहेत. तपासणीसाठी समिती आली की विभागप्रमुख त्यांच्याकडे हात करून "सामाजिक संशोधन" म्हणतात. सर त्या वेळी मागच्या जिन्यानं सटकायचे. "काचेत गेलं की मेलं," असं एकदा मला म्हणाले होते.

निवृत्ती जवळ आली तेव्हा त्यांनी शेवटचं यंत्र हाती घेतलं. वरळी कोळीवाड्यातल्या बायकांसाठी मासे सुकवायचं कपाट! वर ऊन धरणारी पेटी, आत पंखा, ढगाळ दिवसांसाठी विजेची कॉइल. हे एक तरी काचेत जाता कामा नये, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. त्यापायी माणूस जेवण विसरायला लागला.

आता गंमत बघा. सर दादरचे, कट्टर शाकाहारी. आयुष्यात त्यांनी वाळताना पाहिलेल्या वस्तू म्हणजे पापड आणि कुरडया. त्यामुळे कपाटात त्यांनी सुबक जाळीचे ट्रे बसवले.

"सर, बोंबील ट्रेवर?" मी विचारलं.

"का? त्याची काही हरकत आहे?" सर म्हणाले. म्हणजे बोंबलाची!

कपाट जिजाबाईंच्या अंगणात ठेवलं. या तिथल्या जुन्या मासेविक्रेत्या, आवाज असा की अंगणात बोलल्या तर समुद्रावर ऐकू जावं. दुसऱ्या दिवशी त्यांनी ट्रे ओढला. ओला बोंबील म्हणजे बहुतेक पाणीच. तो जाळीला असा चिकटला होता की उचलताना त्याचे तुकडे झाले.

"मास्तर, बोंबील काय पापड हाय? त्याला टांगाया लागतो!" जिजाबाई कडाडल्या. त्यांनी दोन बोंबील घेतले, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवला आणि जोडी दोरीवर टाकली.

सर बघतच राहिले. "वा! ना स्क्रू, ना नट!"

ट्रे गेले, दांड्या आल्या. बोंबील सुकलेही. पण मोठ्या टोपलीतले जेमतेम घरच्या कालवणापुरतेच कपाटात मावत, बाकीचा माल बाहेर उन्हातच. "चांगला हाय, पण बारका हाय," जिजाबाई म्हणाल्या. मोठं कपाट करायला निधी नव्हता, आणि सर तर निवृत्तच झाले. निरोप समारंभात ते भाषण न करताच खाली बसले. मला फार वाईट वाटलं.

जुलैत समिती यायची होती. विभागप्रमुखांनी मला टेम्पो देऊन पाठवलं. "करंदीकरांचं कपाट घेऊन या. काच तयार आहे."

अंगणात पोचलो तर करंदीकर सर छपराखाली स्टुलावर बसलेले, हातात चहाचा ग्लास, शेजारी कापडी पिशवी. कपाट गुरगुरत होतं. मी दार उघडलं. आत बोंबील एकही नव्हता. दांड्यांवर शाळेचे गणवेश टांगलेले, खाली मोज्यांच्या जोड्या.

मी म्हटलं, "सर, हे काय झालं?"

"वापरात आहे," सर म्हणाले.

मी टेम्पोचं सांगताच जिजाबाई कमरेवर हात देऊन उभ्या राहिल्या. "कपाट नाय मिलनार! पावसात आमच्या पोरांची कापडं काय तुजा साहेब सुकवनार?"

सरांनी चहा संपवला, पिशवीतून स्वतःचे दोन ओले सदरे काढले आणि मुकाट्यानं बाईंच्या हातात दिले. बाईंनी ते चाचपले. "मास्तर, परत तसंच! किती येला सांगू? पानी गलतंय. पिलता येत नाय काय तुला?" असं म्हणत त्यांनी सदरे स्वतःच कचकचून पिळले आणि दांडीवर टाकले.

सर अगदी लहान पोरासारखे ऐकून घेत होते.

मला राहवलं नाही. करंदीकर वहिनी वारल्यापासून सर घरात एकटेच असतात हे मला माहीत होतं, पण दादरहून वरळीला ओले सदरे घेऊन यायचं म्हणजे काय! मी हळूच विचारलं, "सर, घरी वाळत नाहीत का?"

"वाळतात की," सर म्हणाले. "पण तिथं मला कोणी ओरडत नाही."

मी टेम्पो रिकामाच परत पाठवला.