नॉर्मन प्लेजरने पेरलेली पेनी

"उद्या दुपारपासून मी मोकळा!" नॉर्मन प्लेजरने शनिवारी सकाळी बायकोला ठणकावून सांगितलं. "पुढच्या रविवारी मी नऊपर्यंत झोपणार. उठून अंडी खाणार आणि परत झोपणार!"

"आणि ट्रेवर?" बेरिलने विचारलं.

"ट्रेवरचं मी बघतो."

ट्रेवर स्माय हा पियानो सुरात लावणारा माणूस. बावीस वर्षांपूर्वी त्याची बायको गेली आणि त्याने घराबाहेर पडणंच सोडलं. तेव्हा नॉर्मन बस चालवायचा आणि रविवारी धातू शोधायचं यंत्र घेऊन शेतं धुंडाळायचा. ट्रेवरची कीव येऊन तो म्हणाला, "चल, एक रविवार माझ्याबरोबर ये." तो एक रविवार अजून संपायचा होता!

पहिली काही वर्षं बरी गेली. मग नॉर्मनचे गुडघे बोलायला लागले, मग खांदा, मग कंबर. इंग्लंडच्या सफोक परगण्यातला नोव्हेंबर म्हणजे आडवा पाऊस आणि बुटांना चिकटलेला पाच-पाच किलो चिखल. नॉर्मनला आता जमिनीखालच्या कशाचंही कुतूहल उरलं नव्हतं. पण हे ट्रेवरला सांगायचं कोणत्या तोंडाने? त्याला नादाला लावलं आपणच!

एकच आशा होती. ट्रेवरने शपथ घेतली होती, "जुनं चांदीचं एक नाणं सापडू दे, त्या दिवशी यंत्र माळ्यावर!" बावीस वर्षांत त्याला बटणं सापडली, काडतुसांची बुडं सापडली, डब्यांची झाकणं तर पोत्याने सापडली. एकदा चमचा सापडला, तोही वाकडा. चांदीचं नाणं मात्र त्याच्या वाटेला फिरकत नव्हतं. म्हणून नॉर्मनने ठरवलं होतं की नाण्याला आपणच वाटेवर नेऊन बसवायचं.

त्याच्याजवळ स्वतःची सात-आठ नाणी होती. त्यातली सगळ्यात कुरूप चांदीची पेनी त्याने निवडली; ट्रेवर तापाने घरी होता त्या रविवारी सापडलेली, त्याला कधी न दाखवलेली. सातशे वर्षांपूर्वीची, हातोडीने ठोकून पाडलेली. ठोकणाऱ्याचा हात चुकल्यामुळे राजाचा गाल दाढ सुजल्यासारखा दिसायचा. ही गेली तर आपल्याला दुःख नाही, असा हिशेब.

शनिवारी दुपारी तो हेझल कॅचपोलबाईंच्या शेतात गेला. शेताच्या कडेला जुन्या मठाच्या पडक्या भिंती आहेत. भिंती सरकारी संरक्षणात, आत यंत्र नेलं तर तुरुंगाची हवा. बाहेरच्या शेतात मात्र मालकिणीच्या परवानगीने चालतं. ही परवानगी मिळवायला आमच्याकडे सोयरीक जुळवण्याइतकी खटपट करावी लागते. नॉर्मनने त्यासाठी तीन वर्षं बाईंची फाटकं फुकट दुरुस्त केली होती. त्याने चार बोटं खोल खड्डा केला, पेनी ठेवली, माती नीट दाबली आणि खूण म्हणून वर तीन पांढऱ्या गारगोट्या मांडल्या.

रविवारी सकाळी सात वाजता शेतात पाय ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं की अख्ख्या शेतात गारगोट्यांशिवाय दुसरं काही नाही! आणि रात्रीच्या पावसाने धुऊन त्या सगळ्या पांढऱ्याशुभ्र झाल्या होत्या.

मग काय! बावीस वर्षांत कधी शोधलं नसेल अशा जोमाने नॉर्मन शोधायला लागला. यंत्र डावीकडे, यंत्र उजवीकडे, धावपळ नुसती.

"अरे, आज झालंय काय तुला?" ट्रेवर हरखून म्हणाला. "लग्नात पण एवढा उत्साही नव्हतास!"

"हवा चांगली आहे," नॉर्मन म्हणाला. त्याच्या मानेवरून पाणी बनियनमध्ये उतरत होतं.

अकराच्या सुमाराला नॉर्मनच्या यंत्रातून सणसणीत, गोड सूर निघाला. सापडली! त्याने घाईघाईने यंत्र बाजूला घेतलं; आता कसंही करून ट्रेवरला इथून चालवायचं. पण ट्रेवर पडला पियानोवाला. तीस पावलांवरून त्याने मान वर केली.

"काय होतं ते?"

"लोखंड. खिळा असेल."

"खिळा? खिळा असा गातो? नॉर्म, तो वरचा पंचम होता! खण!"

"तूच खण ना. माझी कंबर धरलीय."

"छे छे! ज्याच्या यंत्राला सूर, त्याचं नाणं. रीत म्हणजे रीत!"

नॉर्मनला वाटलं, तिथेच चिखलात बसून रडावं. या माणसाला फुकट नाणं देणंसुद्धा कष्टाचं! शेवटी तो म्हणाला, "मी हा सूर सोडला. आता बेवारशी आहे. मी चहा प्यायला चाललो." आणि खरोखरच थर्मास घेऊन तो कुंपणापाशी जाऊन बसला.

ट्रेवरने आधी चार वेळा विचारलं, "नक्की ना?" मग तो गेल्या वर्षी बसवलेला नवा खुबा सांभाळत गुडघ्यांवर बसला. मिनिटभराने तो इतक्या जोरात ओरडला की मठावरचे सगळे कावळे उडाले. नॉर्मन पोचला तेव्हा ट्रेवर पेनी तळहातावर घेऊन ढसाढसा रडत होता.

"राजा आहे नॉर्म! बघ, गाल केवढा गुबगुबीत!"

नॉर्मनलाही भरून आलं. आपण चांगलं काम केलं असं त्याला मनापासून वाटलं. त्याने मित्राच्या पाठीवर थोपटलं आणि हळूच म्हणाला, "मग काय, यंत्र माळ्यावर?"

"माळ्यावर?" ट्रेवरने डोळे पुसले. "वेडा का तू? एक आहे म्हणजे शंभर असणार! कुणीतरी मठातलं धन पुरून ठेवलंय. आता रविवारच काय, बुधवारीसुद्धा यायचं!"

नॉर्मनने उरलेला चहा ओतून टाकला.

पुढचे चार दिवस विचारू नका. ट्रेवरने धातू शोधणाऱ्यांच्या क्लबातल्या एकूण एक सभासदाला फोन केले. कॅचपोलबाईंना घरी जाऊन सांगितलं. बाई पंच्याहत्तरीच्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि गव्हाच्या पेरणीला येणारा ट्रॅक्टर थांबवला.

"पेरणी थांबवली?" नॉर्मनचा आवाज चिरकला.

"धन निघेपर्यंत!" ट्रेवर म्हणाला. "झोपलास का रे रात्री? चेहरा ओढलाय तुझा."

नॉर्मन झोपला नव्हता. बेरिल म्हणाली, "सांगून टाक त्याला." तो म्हणाला, "त्याने पेनी बायकोच्या फोटोशेजारी ठेवलीय, बेरिल. कसं सांगू?"

गुरुवारी गावच्या वाचनालयात संग्रहालयाच्या हॅरिएट लाईल बाई आल्या. महिन्यातून एकदा त्या येतात, लोकांना सापडलेल्या वस्तू तपासतात, फोटो काढतात आणि नोंद ठेवतात. ट्रेवर कोट-टाय घालून आला होता. कॅचपोलबाई चिखलाच्या बुटांनिशी आल्या होत्या. नॉर्मन दाराजवळच्या खुर्चीवर बसला, म्हणजे पळायला बरं.

हॅरिएटबाईंनी पेनी भिंगाखाली धरली. हसल्या. मग हसू थांबलं.

"हा गाल मी कुठेतरी पाहिलाय," त्या म्हणाल्या आणि संगणकात बघायला लागल्या.

नॉर्मनने खुर्ची आणखी दाराकडे सरकवली. अकरा वर्षांपूर्वी दुसऱ्या गावच्या शेतात ही पेनी सापडली, तेव्हा कायद्याने वागणारा सभ्य गृहस्थ म्हणून तो स्वतःच ती नोंदवायला घेऊन गेला होता. सात-आठ नाण्यांतलं नेमकं सगळ्यांच्या लक्षात राहील असं नाणं त्याने पेरलं होतं!

"हे बघा," हॅरिएटबाई म्हणाल्या. "तोच ठसा, कडेला तीच खाच. शोधणारे, नॉर्मन प्लेजर."

मग कॅचपोलबाई सावकाश ट्रेवरकडे वळल्या.

"म्हणजे मित्राच्या घरून उचललंस? आणि माझ्या शेतात सापडलं म्हणून सांगितलंस?"

"मी? नाही हो!" ट्रेवर पांढराफटक पडला. "मी... नॉर्मकडे मी मागच्या आठवड्यात चहाला गेलो होतो खरा. नाण्यांचा ट्रे टेबलावर होता. माझ्या स्वेटरच्या बाहीत वगैरे अडकलं असेल का? नॉर्म, अडकलं असेल का रे?"

"माझी पेरणी थांबलीय बाहीपायी," बाई म्हणाल्या. "चोराला माझ्या शेतात जागा नाही. परवानगी संपली. दोघांचीही."

परवानगी संपली! नॉर्मनच्या कानात जणू चर्चच्या घंटा वाजल्या. गप्प बसायचं, एवढंच काम. नऊ वाजेपर्यंत झोप. अंडी. परत झोप. त्याने ट्रेवरकडे पाहिलं. ट्रेवर स्वेटरची बाही उलटी करून खरोखरच तपासत होता.

"मी पुरलं," नॉर्मन म्हणाला.

"काय?"

"मी पुरलं! शनिवारी. त्याला सापडावं म्हणून. सापडलं की तो थांबेल, तो थांबला की मलाही थांबता येईल, म्हणून. तो चोर नाही. गाढव मी आहे."

ट्रेवरने बाही सरळ केली.

"नाण्याचं जाऊ दे," तो म्हणाला. "तुला बावीस वर्षं कंटाळा येत होता?"

"बावीस नाही रे. पहिली सहा खरंच मजेची होती."

हे सांत्वन म्हणून बोललं होतं, पण तसं ते झालं नाही. ट्रेवरने पेनी नॉर्मनच्या समोर ठेवली आणि टोपी घालून तो निघून गेला.

कॅचपोलबाईंनी नॉर्मनला नखशिखांत न्याहाळलं. "ट्रेवरची परवानगी कायम," त्या म्हणाल्या. "पण नव्या खुब्याचा माणूस एकटा माझ्या शेतात नको. पडला तर उचलणार कोण? यायचं तर दोघांनी, नाहीतर कुणीच नाही."

रविवार उजाडला. नॉर्मन ठरल्याप्रमाणे झोपला. म्हणजे साडेपाचला जागा झाला आणि छताकडे बघत पडून राहिला. नऊ वाजता उठून अंडी खाल्ली. ती घशाखाली उतरेनात. ट्रेवर आता घरात पडदे ओढून बसला असेल, बावीस वर्षांपूर्वीसारखा, आणि या वेळी त्याला तिथे आपणच बसवलं, हा विचार काही केल्या जाईना. मोकळा रविवार एवढा लांबलचक असतो हे त्याला माहीतच नव्हतं.

"जा ना त्याच्याकडे," बेरिल म्हणाली.

"दार उघडणार नाही तो."

तेवढ्यात यांचंच दार वाजलं. बाहेर ट्रेवर उभा. गुडघ्यापर्यंत बूट, हातात यंत्र, चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा.

"दोन तास उशीर झालाय," तो म्हणाला. "चल."

नॉर्मन अनवाणीच उंबऱ्याबाहेर आला. "म्हणजे तू... तू माझ्यावर चिडलेला नाहीस?"

"चिडलोय! आयुष्यात कुणावर चिडलो नव्हतो एवढा चिडलोय!"

"मग आलास कशाला?"

"चिडून घरी बसलो असतो तर तुला हवं तेच झालं असतं," ट्रेवर म्हणाला. "गाडीत बस. आणि बुधवारचंही मी बाईंना विचारून ठेवलंय."