प्रत्यक्ष वापराचा रकाना

मंगळवारी सकाळी सात ते आठ या वेळेत शहराने आमच्या अंदाजापेक्षा बावीस टक्के जास्त गॅस मागितला. शहराला तसे करण्याचा कोणताही लेखी अधिकार नव्हता. मी गॅस पुरवठा महामंडळाच्या मागणी-अंदाज विभागात कनिष्ठ अंदाजकार आहे, आणि अकरा वर्षांच्या नोकरीत नागरिकांचा इतका बेशिस्तपणा मी पाहिला नव्हता.

आमचे काम समजायला सोपे आहे. गॅस फार लांबून नळातून येतो. आज मागवला तर उद्या पोहोचतो. म्हणून उद्या शहराला किती लागेल, तो आकडा आज दुपारी चारच्या आत कळवावा लागतो. कमी कळवला तर घरोघरी शेगडीची ज्योत बसते. जास्त कळवला तर नळातला दाब वाढतो आणि पाठोपाठ आमच्या अभियंत्यांचाही वाढतो.

पूर्वी हा आकडा काका कळवत. काका म्हणजे शहराबाहेरच्या दाब-केंद्रावरचे व्हॉल्व्हमन. रोज साडेतीनला ते केंद्रासमोरच्या बसथांब्यावर जाऊन रांगेतले किती लोक हात खिशात घालून उभे आहेत ते मोजत. मग घरी फोन लावून बायकोला विचारत, "काय गं, उद्या पाणी किती कढत लागेल?" पलीकडून जे उत्तर येई ते ऐकून थोडा वेळ मान खाजवत आणि चारला पाच कमी असताना आकडा सांगून मोकळे होत. वीस वर्षांत शहरातली एकही शेगडी बसली नाही. त्यामुळे काकांकडे कोणाचे लक्षही गेले नाही.

पुढे लेखापरीक्षणात आक्षेप निघाला. अंदाजाला आधार काय, असे परीक्षकाने विचारले. काकांनी खरे ते सांगितले, "बायको." परीक्षकाने ते लिहून घेतले आणि खाली शेरा मारला की सदर आधार महामंडळाच्या मालकीचा नसल्याने ग्राह्य धरता येत नाही.

म्हणून संगणकाचे मॉडेल आले. ते बनवायला गणिताचे एक डॉक्टर आले. मॉडेलमध्ये त्यांनी चारशे बारा घटक घातले होते: तापमान, वाऱ्याची दिशा, शाळांच्या सुट्ट्या, सूर्योदयाची वेळ, चंद्राची कला. स्वतः डॉक्टर तिन्ही त्रिकाळ कॅन्टीनमध्ये जेवत. शेगडी त्यांनी बहुधा आकृतीतच पाहिली असावी. मॉडेलला शिकायला मागची माहिती लागते म्हणून काकांची वीस वर्षांची रजिस्टरे टेम्पोत घालून आणली. प्रत्येक पानावर तीन रकाने होते: मंजूर अंदाज, प्रत्यक्ष वापर आणि तफावतीचा खुलासा. ती सगळी पाने संगणकात चढवण्याचे काम माझ्याकडे आले. चार महिने मी त्यात मान मोडून घेतली.

मग चाचणी झाली. मॉडेलचे उत्तर रजिस्टरातल्या प्रत्यक्ष वापराशी नव्व्याण्णव पूर्णांक दोन टक्के जुळले. मोठ्या साहेबांनी डॉक्टरांना मिठीच मारली. प्रमाणपत्रावर 'तपासले' या शब्दाखाली माझी सही आहे. ही सही मला पुढे फार जड जाणार होती, पण त्या दिवशी मी घरी दाखवायला प्रमाणपत्राची झेरॉक्स नेली होती. काकांना बढती देऊन निरीक्षक केले. मॉडेलचे निरीक्षण करणे, हे त्यांचे काम ठरले. आकडा आता मॉडेल परस्पर कळवू लागले. उन्हाळा होता. सगळे सुरळीत चालले.

आणि मग हा मंगळवार उजाडला. रात्रीत थंडी अशी उतरली की सकाळी नळाचे पाणी हाताला चावत होते. माझी धाकटी बहीण तीन आठवड्यांची जुळी घेऊन आमच्याकडे राहायला आली होती. त्यांच्या दुधाच्या आठ बाटल्या रोज उकळत्या पाण्यातून काढाव्या लागत. मी स्वयंपाकघरात आलो तेव्हा आई, बायको आणि बहीण तिघी शेगडीभोवती उभ्या होत्या. ज्योत मुगाच्या दाण्याएवढी होती. पातेल्यातले पाणी अर्ध्या तासात कोमटसुद्धा झाले नव्हते.

"दादा, ऑफिसात फोन कर ना. काहीतरी बिघडलंय."

"बिघडलं काही नाही," मी म्हणालो. "मॉडेलनं आज आपल्याकडे तीन माणसं धरलीत. तू आणि ही दोघं अजून डेटात आलेला नाहीत."

"मेल्या, डेटात नसतील," आई म्हणाली, "पण माझ्या मांडीत आली आहेत ना!"

बायकोने ती प्रमाणपत्राची झेरॉक्स फ्रीजवरून काढली, आणि मी निघालो तेव्हा पातेल्यावर झाकण म्हणून ठेवली.

ऑफिसात तातडीची बैठक लागली होती. तक्रारींचे फोन इतके येत होते की ऑपरेटरबाईंनी रिसीव्हर बाजूला काढून ठेवून टेबलावर पाय वर घेतले होते. साहेबांनी डॉक्टरांना विचारले, "चुकलं कुठे?"

"मॉडेल चुकलेलं नाही," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "शहर चुकलंय. इतिहासात असं कधीच वागलं नव्हतं."

हे सर्वांना पटले. चुकीचे मॉडेल दुरुस्त करायला नव्याने निविदा काढावी लागली असती. शहर दुरुस्त करायला परिपत्रक पुरेसे होते. त्याच दुपारी ते निघाले. प्रत्येक घराला स्वतःचा दैनिक अंदाज नेमून देण्यात आला आणि त्यापेक्षा जास्त गॅस मागणाऱ्या ग्राहकाला 'अंदाजभंगा'ची नोटीस बजावायचे ठरले. पाहुणे येणार असल्यास चोवीस तास आधी कळवावे. आजारपण शक्यतो उन्हाळ्यात घ्यावे. कुटुंबातील सदस्यसंख्या वाढणार असल्यास एक तिमाही अगोदर नमुना सात भरून द्यावा. मसुदा मीच केला. भाषा चांगली उतरली असे साहेब म्हणाले आणि मला, खोटे कशाला बोलू, बरे वाटले.

नोटिशीसाठी घरोघरच्या मीटरचे आकडे बिल विभागाकडून मागवले. बिल विभाग दुसऱ्या मजल्यावर आहे आणि आमचा त्यांच्याशी एरवी बोलण्याचाही संबंध नाही. शहरातली सर्वात मोठी तफावत एकशे ऐंशी टक्के निघाली. पत्ता माझा होता.

नोटीस घेऊन आलेल्या शिपायाने मला ओळखले, तरी ओळखपत्र मागितले. बहिणीने नोटीस वाचली.

"एक तिमाही अगोदर म्हणजे?"

"म्हणजे तीन महिने आधी कळवायला हवं होतं."

"मग आता काय करू? परत पोटात घालून तीन महिन्यांनी आणू?"

जुळ्यांतला एक रडू लागला. त्याचे नाक लाल झाले होते. दुसऱ्याने त्याचे ऐकून सूर धरला. मी नोटीस घडी करून खिशात घातली आणि तडक काकांकडे गेलो.

दाब-केंद्राच्या खोलीत काका मॉडेलचे निरीक्षण करत होते. म्हणजे पडद्यासमोर बसून स्वेटरचे बटण शिवत होते.

"काका, तुमची वीस वर्षांची रजिस्टरं आहेत. थंडीत शहर असं कधीच वागलं नव्हतं म्हणतात. खरं का?"

"दरवर्षी असंच वागतं की."

"पण रजिस्टरात तसं नाहीये."

काकांनी दोरा दाताने तोडला. "साहेब, रजिस्टरात तिसरा रकाना कसला आहे? खुलासा. नोकरीच्या पहिल्या हिवाळ्यात मी प्रत्यक्ष वापर खरा लिहिला होता. तफावत निघाली. खुलासा मागवला. खुलाशावर खुलासा मागवला. उन्हाळा लागला तरी मी मागच्या थंडीचं कारण लिहीत होतो. तेव्हापासून ठरवलं, फोनवर खरा आकडा सांगायचा आणि रजिस्टरात मंजूर आकडा उतरवायचा. शेगडी पेटलेली, कागद गार. कोणाची तक्रार नाही."

"आणि मंजूर आकडा कसा ठरायचा?"

"मागच्या वर्षीचा अधिक दोन टक्के."

चारशे बारा घटक, चंद्राच्या कलेसकट, मिळून मॉडेल शेवटी जे शिकले होते ते हे होते: मागच्या वर्षीचा अधिक दोन टक्के. आणि खाली माझी सही होती.

धावत साहेबांकडे गेलो आणि सगळे सांगितले. साहेबांनी चष्मा पुसत ऐकून घेतले.

"म्हणजे रजिस्टरात काय लिहिलं जाईल, हे मॉडेल नव्व्याण्णव टक्के बरोबर सांगतं?"

"हो, पण खरा वापर—"

"वर काय जातं? खरा वापर जातो की रजिस्टर?"

"रजिस्टर."

"मग उत्तम चाललंय." साहेबांनी चष्मा लावला आणि आजचे रजिस्टर माझ्यापुढे सरकवले. "तरी तुम्हाला वाटत असेल तर आज खरा आकडा लिहा. मी अडवणार नाही. खुलाशाचा नमुना चौदा पानी आहे आणि 'मॉडेल कोणी तपासले' हा पहिलाच प्रश्न आहे. शिवाय तुमच्या बढतीची फाइल माझ्याच टेबलावर आहे."

पेन माझ्या हातात होते. बाटल्या डोळ्यांसमोर होत्या, ते लाल नाकही होते. मी प्रत्यक्ष वापराच्या रकान्यात मॉडेलचा आकडा लिहिला. अक्षर नेहमीपेक्षा चांगले आले. मला स्वतःची लाज वाटली, पण तिला रजिस्टरात रकाना नव्हता.

लाजेपोटी मी संध्याकाळी पुन्हा काकांकडे गेलो आणि हात जोडले. काकांनी घरी फोन लावून बायकोला विचारले, "काय गं, उद्या पाणी किती कढत लागेल?" मग कपाटामागून व्हॉल्व्हचे जुने चाक काढले आणि केंद्राच्या मागे असलेली राखीव साठ्याची टाकी नळाला जोडून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी शहरभर ज्योती फुलल्या. आमच्याकडे बाटल्या उकळल्या, जुळ्यांना अंघोळ घातली, आईने मला एक जास्तीचा चहासुद्धा दिला. परिपत्रकामुळे शहराला शिस्त लागली, असे साहेबांनी वर कळवले. डॉक्टरांना मानपत्र मिळाले. आठ दिवस असे मजेत गेले.

नवव्या दिवशी टाकी संपली. ती भरून घ्यावी म्हणून मी अर्ज केला. उत्तर तासाभरात आले. अंदाजानुसार राखीव साठा वापरण्याची गरज पडलेली नसल्याने टाकी रजिस्टरात पूर्ण भरलेली आहे. भरलेली टाकी भरता येत नाही. विनापरवाना चाक बाळगल्याबद्दल काकांना मुदतीआधी निवृत्त केले. निरोप समारंभात ते मला एवढेच म्हणाले, "साहेब, बायको घरीच आहे. फोन केव्हाही करा." मी केला नाही. आकडा कळला असता तर तो लिहायचा कुठे, हा प्रश्न होता.

थंडी आणखी वाढली. एका सकाळी बहिणीने बॅग भरली. तिच्या गावात नळाचा गॅस नाही, चुलीवर पाणी तापते.

"थांब ना गं. दोन आठवड्यांत माझी बढती होईल," मी म्हणालो.

"दादा, ज्या गावात अंदाज नाही तिथं बाटल्या तरी उकळतात." एक बाळ तिच्या खांद्यावर होते, एक आईच्या. जिना उतरताना तिने मागे वळून पाहिले नाही. आई बसथांब्यापर्यंत गेली.

बढती झाली. आता ग्राहक समाधान सर्वेक्षण माझ्याकडे आहे. घरोघर एक फॉर्म वाटला. प्रश्न एकच: 'आपल्या शेगडीची ज्योत पुरेशी आहे का? होय किंवा नाही.' 'नाही' असल्यास घरातील सर्व भांड्यांची मापे, ज्योतीचा साक्षांकित फोटो आणि तफावतीचा चौदा पानी खुलासा जोडायचा आहे. फॉर्म गोळा करणारा दारात उभा राहतो, घाईत असतो आणि पेन त्याच्याकडेच असते.

सगळे फॉर्म आले. नव्व्याण्णव पूर्णांक दोन टक्के 'होय'. आमच्या घरचाही 'होय' आहे. बायकोने गार शेगडीपाशी उभे राहून खूण केली. "चौदा पानं कोण भरत बसेल?" ती म्हणाली. मला काकांची आठवण झाली. हे सर्व फॉर्म आता मॉडेलला शिकायला दिले जाणार आहेत, आणि पुढच्या वर्षीचा गॅस त्यावरून मागवला जाणार आहे.

तुमचाही फॉर्म आता माझ्यासमोर आहे. नाही कसे म्हणता, खाली सही तुमचीच आहे. खूण 'होय'वर आहे. जरा थरथरलेली आहे, थंडी असेल तुमच्याकडे. पण मी तपासले, चालून जाईल.