सासूबाई चालवतात तेव्हाच

इंजिनाचा बिघाड शोधायला गॅरेज लागतं, ही आमच्या घरातली समजूत मी त्या सकाळी कायमची मोडणार होते! मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते. नियम सोपा आहे: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी जग होतं तसं ठेवायचं.

निमित्त सासूबाईंच्या ड्रायव्हिंगच्या परीक्षेचं. साठीनंतर हट्टाने शिकलेल्या, एकदा नापास झालेल्या. दुपारी परीक्षा आणि सकाळी सरावाला बसल्या, तर गाडीतून आवाज. खडाक! वेग वाढवला की खडाक, ब्रेक लावला की खडाक!

मी चालवून पाहिली. गाडी दूध प्यालेल्या मांजरीसारखी गुरगुरली. नवऱ्याने चालवली, तरी शांत. पुन्हा सासूबाई बसल्या. खडाक, खडाक!

"निष्कर्ष स्पष्ट आहे," मी म्हणाले. "आवाज आईंमुळे येतो."

"म्हणजे बिघाड माझ्यात आहे?"

"तसं नाही हो! तुमचा पाय ॲक्सिलरेटरवर जरा..."

"जरा काय?"

नवरा एकदम आभाळातले ढग बघू लागला.

मी बॉनेट उघडलं. लांब लाकडी चमच्याचं एक टोक इंजिनाला टेकवलं, दुसरं कानाला.

"काय म्हणतोय पेशंट?" नवरा म्हणाला. "जीभ दाखवायला सांग!"

"प्लग काढून बघावे लागतील. पाना कुठाय?"

"काल तूच प्लग साफ करत होतीस."

"आणि पाना जागेवर ठेवला होता! मी वस्तू जागेवरच ठेवते. तुम्हीच हलवला असणार."

"मी? मी बल्बसुद्धा तुला विचारून बदलतो!"

माळा, कपाटं, कुत्र्याची टोपली, सगळं उपसलं. पाना गायब! इंजिन खोलणं राहिलं.

सासूबाई पायरीवर बसल्या. "मी नाही येत. गाडी भर रस्त्यात बंद पडेल आणि लोक म्हणतील, आजीबाईंनी बंद पाडली."

"पडली तर मी ढकलीन," नवरा म्हणाला. "ऊठ, आई."

मैदानात परीक्षक सासूबाईंच्या शेजारी बसले. गाडी निघाली. लांबूनही खडाक ऐकू येत होतं. दर खडाकला मी डोळे मिटत होते.

"थांबवा!" परीक्षक ओरडले. गाडी जागच्या जागी थांबली. दार उघडून ते लंगडत उतरले. त्यांच्या हातात माझा पाना!

"बाईंच्या सीटखालून निघाला, तो थेट माझ्या पायावर," ते म्हणाले. "ब्रेक मात्र झकास लावतात. पास!"

सासूबाई बुटक्या. बसल्या की आधी सीट पुढे ओढतात, आणि सीटखाली अडकलेला पाना मोकळा होतो; आम्ही सीट मागे ढकलली की पुन्हा अडकतो. मी ड्रायव्हर बदलत होते, तेव्हा सीटही बदलत होती. एका वेळी दोन गोष्टी!

आणि काल हात पुसायला त्याच सीटवर कोण टेकलं होतं, ते मला नेमकं तेव्हाच आठवलं.

"अगदी जागेवर होता हं!" नवरा म्हणाला.

"घरी मीच चालवणार," सासूबाई म्हणाल्या. "तू मागे बस. कशालाही हात लावू नकोस!"

मी मागे बसले. पाना दोन्ही हातांनी घट्ट धरून.