अठराव्या हिश्श्यातली माणसं

भोरच्या घरात आम्ही राहायला आलो त्या दिवशी खालच्या मजल्यावरचे दाते आमच्या दारात येऊन उभे राहिले. हातात लोखंडी मोजपट्टी होती. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. माझ्या खांद्यावरच्या पिशवीकडे बोट दाखवून म्हणाले, "वहिनी, ही जरा मोजू का?"

मी तहसील कचेरीत नकलांच्या खिडकीवर बसते. दिवसभरात माणसं माझ्याकडे काय काय मागतात, पण पिशवी मोजायला कोणी मागितली नव्हती. गोंधळून मी ती दिली. त्यांनी लांबी घेतली, रुंदी घेतली. बंद तुटला होता, तिथं मी सेफ्टी पिन लावली होती. ती चष्मा कपाळावर ढकलून बराच वेळ बघितली. "पिन छान आहे," म्हणाले आणि जिना उतरून गेले.

आठ दिवसांनी त्यांनी मला खाली बोलावलं. भिंतीवरच्या फळीवर मी उभी होते. पावणेचार इंच उंच, निळी साडी, खांद्याला पिशवी, पिशवीच्या बंदाला तांब्याच्या तारेची केसाएवढी पिन. चेहरा ओळखण्याएवढा मोठा नव्हता. पण कचेरीला उशीर झाल्यावर माझी मान जशी पुढं येते, तशी ती आली होती.

"हे कशाचं केलंत?" मी विचारलं.

"परदेशातून मागवलेला, प्लास्टिकचा, समुद्रातला कुणी राजकुमार होता. माशाची शेपूट होती. काढली."

दातेंचा धंदा कवळ्या करण्याचा. आडनाव दाते आणि धंदा कवळ्यांचा, ह्यावर भोरमध्ये जेवढे विनोद होण्यासारखे होते तेवढे तीस वर्षांपूर्वीच होऊन गेलेत, तेव्हा मी त्यात भर घालत नाही. एका दंतवैद्याच्या दवाखान्यात मागच्या खोलीत ते बसत. पुढच्या खोलीत डॉक्टर दात काढत, मागच्या खोलीत दाते बसवत. हिर्डोशीपासून विंझरपर्यंतची म्हातारी माणसं त्यांच्याकडे येत. वय आता चौसष्ट. लग्न केलं नाही. का, असं कोणी विचारलं तर "माप जुळलं नाही" एवढंच म्हणतात.

त्यांचा छंद म्हणजे ह्या मूर्ती. मूर्ती म्हटलेलं त्यांना चालत नाही. बाहुल्या म्हटलं तर अजिबातच नाही. "फिगर म्हणा," म्हणतात. परदेशी सिनेमांतल्या आणि चित्रकथांतल्या शूर पुरुषांच्या ह्या प्लास्टिकच्या फिगर जगभरातले शौकीन जमवतात, काचेच्या कपाटात ठेवतात. दातेही मागवतात. फक्त खोकं उघडलं की ते पहिल्यांदा त्या वीराचे स्नायू तासून काढतात. कवळीचे दात घासायचं बारीक यंत्र चालवायचं, छाती सपाट करायची, मग कवळीच्या गुलाबी मसाल्यानं पोट लावायचं. पाठीवरची झूल कापली की तिचा पंचा होतो. मुखवटा उतरवून टक्कल दिलं की गॅस एजन्सीचे मॅनेजर तयार. ते मॅनेजर एकदा आपली फिगर बघायला आले आणि रागावले. "माझं पोट एवढं आहे?" दाते शांतपणे म्हणाले, "अठरानं गुणा आणि मग सांगा."

कारण त्यांच्या खोलीत सगळं काही खऱ्याच्या अठराव्या हिश्श्याचं असतं. टूथपेस्टच्या ट्यूबच्या पत्र्याची चहाची किटली. कंडक्टरचं तिकिटाचं मशीन, त्यातून बाहेर आलेलं नखभर तिकीट. बाजारात मिरच्या विकणाऱ्या बाईचा तराजू, आणि त्याचं एक पारडं किंचित खाली, कारण ती बाई तसंच तोलते.

"सगळ्यात अवघड काय असतं?" मी एकदा विचारलं.

"हात," ते म्हणाले. "ही सगळी मंडळी मुठी वळून येतात. बंदूक धरायला, तलवार धरायला. ह्यांच्या हातात चहाचा कप द्यायचा तर आधी मूठ उघडावी लागते. गरम पाण्यात धरायचं आणि एकेक बोट. घाई केली की बोट तुटतं."

त्यांचे नियमही होते. देव करायचे नाहीत. राजे करायचे नाहीत. विकायचं नाही, आणि द्यायचं तर मुळीच नाही. राजगडाच्या पायथ्याला, पालीत दुकान असलेला एक जण मुद्दाम आला होता. गडावर येणारी पोरं हौसेनं घेतील, दोन डझन मावळे करून द्या म्हणाला. दातेंनी त्याला चहा पाजला आणि सांगितलं, "मावळे मी बघितलेले नाहीत. विंझरचा किराणावाला बघितलाय. त्याच्या डाव्या चपलेचा अंगठा तुटलेला असतो. तो हवा तर दाखवतो." दुकानदार चहा पिऊन गेला. एका मामलेदारांनीही बदली होऊन जाताना आपली फिगर मागितली होती. त्यांनाही मिळाली नाही.

हळूहळू दवाखान्यातली मापं पुण्याला जाऊ लागली. तिथं यंत्र कवळी करतं म्हणे. मागच्या खोलीत आता डॉक्टरांची स्कूटर उभी असते. दातेंनी आपलं सामान घरी आणलं आणि दार उघडं टाकून दिवसभर बसायला लागले. मी कचेरीत जाताना म्हणायचे, "काय काका, काम चाललंय?" ते म्हणायचे, "चाललंय." परत येतानाही तेच. ह्यापलीकडं आमचं बोलणं त्यांनी बोलावलं तरच व्हायचं, आणि बोलावलं तरी मी उंबऱ्यातूनच बघून वर पळायचे. नवरा पुण्याला नोकरीला, शनिवारी येणार, मुलीचा अभ्यास; मला नेहमीच गडबड.

भाताची कापणी संपली त्या सुमारास एका सुट्टीच्या दिवशी एक म्हातारी जिन्याखाली उभी दिसली. हातात प्लास्टिकची पिशवी. "कवळीवाले हितंच ऱ्हात्यात का?" मी तिला खाली दातेंकडे नेलं आणि त्या दिवशी कशी कोण जाणे, तिथंच थांबले.

तिचं नाव येसाबाई. हिर्डोशीच्या वर डोंगरात एक वस्ती आहे, तिथली. तिनं पिशवीतून फडक्यात गुंडाळलेली कवळी काढली आणि टेबलावर ठेवली.

"ही आमच्या मालकांची. तुमीच क्येली व्हती. त्ये गेल्याला तीन वर्सं झाली. चांगली हाय, पडून हाय. मला बशिवता का?"

दातेंनी कवळी हातात घेतली. मला वाटलं हसतील. हसले नाहीत. "आजी, कवळी दुसऱ्याला बसत नाही. प्रत्येकाचं तोंड वेगळं असतं. तुमचं माप घेऊन नवी करू आपण. चार-पाच वेळा यावं लागेल."

"नगं. दिसाला दोन गाड्या, त्यातली एक येत न्हाई. येरझारा कोन घालनार? म्या भाकर कुस्करून खाती."

एवढं बोलून ती उठली आणि उठता उठता तिची नजर फळीवर गेली. खालच्या रांगेत, कडेला, एक वाकलेला शेतकरी होता. डोक्यापासून पाठीवर पानांचं इरलं, पावसात शेतात वाकून काम करताना घेतात ते. हातात विळा. येसाबाई जवळ गेली. पदराला हात पुसून तिनं इरल्याला बोट लावलं.

"ह्ये आमचं मालक हायेत," ती म्हणाली.

होतेच. ऐन पावसात ते कवळीचं माप द्यायला आले, तेव्हा सगळा बाजार प्लास्टिक पांघरून फिरत असताना हा एकच माणूस इरलं घेऊन आला होता, आणि ते दवाखान्याच्या दाराशी उभं करून आत बसला होता. दाते त्याच्या तोंडात मसाला भरून ठेवून बाहेर जाऊन इरलं मोजून आले होते.

"पर इळा चुकलाय," येसाबाई म्हणाली.

दातेंची कोणी चूक काढलेली मी तोवर ऐकली नव्हती. "चुकलाय म्हणजे?"

"त्ये डावरे व्हते. इळा ह्या हातात."

दाते खुर्चीत बसले. "मी तोंडच बघत राहिलो," असं काहीतरी पुटपुटले. मग उठून स्टोव्ह पेटवला, पाणी ठेवलं. तासभर ते काम चाललं होतं. उजवी मूठ उघडली, डावी मिटली, विळा काढून तिकडं दिला. येसाबाई समोर बसून बघत होती. मध्येच म्हणाली, "आमच्यात त्येंचा फोटू न्हाई. आधार कार्डावर हाय, पर त्यो दुसऱ्याच कुनाचा वाटतो."

काम झालं तेव्हा दातेंनी कवळीची एक निळी डबी घेतली, आत कापूस घातला, त्यात तो माणूस आडवा ठेवला आणि डबी येसाबाईच्या हातात दिली. नियमाचं काय, असं मी त्यांना विचारणार होते. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून विचारलं नाही.

महिन्याभरानं दाते मला जिन्यात भेटले. खांद्याला पिशवी. "हिर्डोशीला जाऊन येतो. वरची हवा दमट. इरल्याची पानं केळीच्या सोपटाची केलीयत, बुरशी धरली असेल." संध्याकाळी परत आले ते हसतमुख. इरल्याच्या पाठीची एक कामटी मोडलेली निघाली म्हणे. बांबूची सळी होती. ती काढून तांब्याची तार घातली.

पुढच्या महिन्यात परत गेले. तांब्याची तार मोडली होती. मग त्यांनी दात ओढून सरळ करायला लावतात ती पोलादी तार घातली. त्याच्या पुढच्या महिन्यात तीही मोडलेली निघाली; तसलीच दुसरी घालून आले. दाते काळजीत पडले. "वहिनी, कुठंतरी माझं चुकतंय. ही तार माणसाचे दात हलवते, ती इरल्यात कशी मोडते? एकदा चला तुम्ही. दुसऱ्या कुणीतरी बघायला पाहिजे."

तो रविवार होता आणि नवरा घरी होता, म्हणून मी गेले. एसटी धरणाच्या कडेकडेनं हिर्डोशीला गेली आणि तिथून तासभर चढ. दाते वाटेत कुठल्या झाडाखाली थांबायचं, कुठल्या घरी पाणी मिळतं, हे सगळं सांगत होते. वस्तीतली कुत्रीसुद्धा त्यांच्यावर भुंकली नाहीत.

येसाबाईच्या घरात तो माणूस चुलीवरच्या फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी उभा होता. कामटी मोडलेली होतीच. दातेंनी त्याला उचललं, उजेड हवा म्हणून बाहेर अंगणात नेलं आणि चष्मा कपाळावर ढकलून कामाला बसले. मी येसाबाईजवळ चुलीपाशी बसले. ती नाचणीची भाकरी थापत होती.

"आजी, हे मोडतं कसं?"

तिनं दाराकडे बघितलं आणि आवाज खाली घेतला. "म्याच मोडते."

मी चुलीतलं लाकूड आत सारलं.

"पयल्या बारीला उंदरानं पाडलं. तवा त्ये आले, दिसभर बसले, लई बोलले. भोरात ह्येंच्याशी कोन बोलत न्हाई का काय, असं वाटलं बगा. जाताना म्हनले, आजी, आता मजबूत केलंय, परत मोडायचं न्हाई. आन् असं म्हनताना त्येंचं त्वांड बघितलं म्या." भाकरी तव्यावर पडली. "ती आत्ताची तार लई कडक हाय. शेजारच्याची पक्कड आनावी लागली. मालकांचं इरलं मोडाया बरं वाटत न्हाई, पर त्ये समजून घेत्याल. तुमी मातूर सांगू नगा."

"नाही सांगत," मी म्हटलं.

जेवणं झाली. दाते आणि येसाबाई ओट्यावर बसून दुपारभर बोलत होते. खरं म्हणजे दाते बोलत होते. कुणाची कवळी विहिरीत पडली, कुणी लग्नात भावाची घालून गेला, सगळं. सात वर्षांत मी त्यांना एवढं बोलताना ऐकलं नव्हतं. येसाबाई तोंडावर पदर धरून हसत होती.

उन्हं कलल्यावर आम्ही उतरायला लागलो. अर्धा उतार होईपर्यंत दाते पायाखाली बघून चालले. मग म्हणाले, "काय वाटलं तुम्हाला? कशानं मोडत असेल?"

"हवेनं असेल," मी म्हटलं. "दमट आहे."

"हं." चार पावलं पुढं जाऊन ते थांबले. खिशातून काढून त्यांनी तारेचे दोन तुकडे माझ्या तळहातावर ठेवले. "हवेनं मोडलेली तार अशी दिसत नाही, वहिनी. ही पकडीनं तोडलीय. चाळीस वर्षं मी तार वाकवतोय, एवढं मला कळतं. आज तुम्हाला आणलं ते नुसतं खात्री करायला."

"मग?"

"मग काय. एकटी बाई डोंगरात राहते. तिला वाटत असेल, कुणीतरी यावं. तोंडानं कसं म्हणणार? म्हणून मी आपला जातो." तुकडे परत खिशात टाकत ते म्हणाले, "तुम्ही मात्र त्यांना काही सांगू नका."

"नाही सांगत," मी दुसऱ्यांदा म्हटलं.

एसटी उशिरा आली. भोरच्या स्टँडवर उतरलो तेव्हा अंधारून आलं होतं. घरापर्यंत आम्ही चालत आलो. दातेंनी कुलूप काढलं, दिवा लावला. मी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर असताना त्यांनी मागून विचारलं, "चहा टाकतोय. घेणार का घोटभर?"

वर पोरीचा उद्याचा डबा, सकाळची भांडी, सगळं तसंच पडलं होतं. मी खाली उतरले, चपला त्यांच्या दाराशी काढल्या आणि आत जाऊन बसले.