काठ तेवढा राहिला

लग्न होऊन औरंगपुऱ्यात आले, त्याच आठवड्यात मी खिडकीतून एका माणसाला हाक मारली. सायकलच्या कॅरिअरवर कापडाचा आख्खा तागा सुतळीनं बांधलेला, नारिंगी जमिनीवर जांभळे मोर. मला वाटलं, फेरीवालाच. "ओ भाऊ, परकराचं कापड आहे का?" मी विचारलं. तो माणूस सायकलवरून उतरला, डोक्यावरची टोपी सारखी केली नि अदबीनं म्हणाला, "कापड आहे, पण याचा निकाल लागायचाय. उद्या सकाळी कळवतो."

सकाळी खरंच कळवायला आला. तोच तागा, तीच सुतळी, फक्त सायकलचं तोंड सिटी चौकाकडं. एक पाय पायडलवर, एक जमिनीवर ठेवून त्यानं मला एकच शब्द सांगितला. "नामंजूर."

हे आमचे शेजारी नाझरकाका.

आडनाव पाठक, पण ते फक्त रेशनकार्डावर. कोर्टात जप्तीचा माल सांभाळतो तो नाझर, नि काकांनी जन्मभर तेच केलं. शिक्षण सगळं उर्दूतून. निजामाच्या काळात कोर्टात चिकटले. मग पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, आम्ही आधी हैदराबादचे, मग मुंबईचे, मग महाराष्ट्राचे झालो. एवढी सरकारं बदलली, काकांची खुर्ची तीच. घरातलं सरकार मात्र एकदाही बदललं नाही. बायकोला ते सरकारच म्हणायचे, तोंडावर नाही, पाठीमागं. "सरकारला विचारून सांगतो." "सरकारनं मुलतवी ठेवलंय." आणि सगळ्यात जास्त वेळा, "नामंजूर."

काकू अंगानं चिमणीएवढ्या, पण आवाज असा की त्यांनी ओसरीवर काकांना झापलं की आमच्या चुलीपुढं मला शब्द न् शब्द ऐकू यायचा. वाक्य ठरलेलं होतं. "अहो, डोळे कचेरीत ठेवून आलात का?"

आता खोटं कशाला बोलू, काकूंचं चुकत नव्हतं. काका बाजारात गेले की वाईटातलं वाईट निवडून आणायचे. शहागंजातून वांगी आणली तर नुसत्या बिया. मी पडले दौलताबादची, सीताफळाच्या बनातच वाढलेली. माझ्यासमोर काका सीताफळं घेऊन आले तर निम्मी काळी पडलेली नि निम्मी दगडासारखी. एकदा छत्री आणली. ती उघडली ती उघडलीच, मिटेना. मग दुसऱ्या दिवशी लख्ख उन्हात, डोक्यावर उघडी छत्री धरून, एका हातानं सायकल चालवत काका ती परत करायला गेले. गल्लीतल्या बायका दारात उभ्या राहून तोंडाला पदर लावून हसत होत्या. काकांनी सगळ्यांना रामराम केला.

मला वाटायचं, माणूस बावळट आहे. पण एकदा काकूंनी मला त्यांच्याबरोबर धाडलं. "तू जा बाई संगं, निदान कोथिंबीर तरी हिरवी येईल." तेव्हा बघितलं. काकांना चांगलं-वाईट सगळं कळत होतं. त्यांनी ताजी जुडी उचलली, नाकाशी धरली, मान डोलावली नि खाली ठेवली. मग कडेला पडलेली सुकलेली जुडी पिशवीत टाकली.

"अहो काका, ती चांगली होती की."

"चांगली कुणीही नेतं, सूनबाई. ही बिचारी कुणाच्या दारी जाणार?"

घ्या. आता अशा माणसापुढं काय बोलायचं. जप्तीच्या मालात जन्म गेलेला. कुणाला नको असलेली वस्तू दिसली की यांचा जीव तिच्यात अडकायचा.

सिटी चौकातले हाजीसाब यांना पक्के ओळखून होते. त्यांचं कापडाचं दुकान. काकांच्या कापडाला ते कात्री लावायचेच नाहीत. "नाझरसाब, पूरा ले जाव. सरकार देख लेंगे," म्हणायचे नि आख्खा तागा बांधून द्यायचे. सकाळी काका हजर. "सरकार क्या बोले?" "नामंजूर." "हौ, रखो उधर." बास. एवढंच बोलणं, वर्षानुवर्षं.

पण सगळी दुकानं हाजीसाबांची नसतात. गुलमंडीवर कुणी कापड फाडून दिलं की ते परत कोण घेणार? अशी कापडं काकूंच्या पलंगाखालच्या ट्रंकेत जायची. त्या ट्रंकेला काकू जप्तीचा माल म्हणायच्या. त्यात पोपटी रंगाचं सदऱ्याचं कापड होतं. पायजम्याचे पट्टे एवढे रुंद होते, की तो घालून काका एकदाच ओसरीवर आले नि कुणी तरी "हर्सूलच्या जेलातनं कधी सुटलात?" म्हणून विचारलं. खणाचं एक कापड तर असं, की त्याचा रंग कोणता यावर आम्हा दोघींचं कधी एकमत झालं नाही.

त्या ट्रंकेतूनच गोधडी निघाली. आईनं मला गोधडी शिकवलेली, म्हणून काकूंनी मला बोलावलं. आत जुन्या लुगड्यांचे थर, वर हे सगळे तुकडे. दुपारची जेवणं झाली की ओसरीवर अंथरायची, काकूंनी एका कडेनं, मी दुसऱ्या कडेनं टाके घालत मधे भेटायचं. प्रत्येक तुकड्याला काकूंच्या तोंडी एकेक शिवी होती, नि शिवी देऊन झाली की त्या तुकडा हातानं असा सारखा करायच्या, जसं काही तो झोपलाय.

एकदा मी म्हटलं, "काकू, एवढं नावडतं तर भांडेवालीला का नाही देत?"

काकू माझ्याकडं बघतच राहिल्या. "देऊ कशी? त्यांनी आणलंय ना."

गोधडी सगळी भरली. चारी बाजूंनी काठ लावला की संपलं, एवढ्यावर काम आलं, नि काकूंनी अंथरूण धरलं. पोटाचं दुखणं होतं. एक दिवस मी उशाशी बसले होते, काका पायाशी. काकू म्हणाल्या, "अहो, गोधडीला काठ तेवढा राहिलाय. तुम्ही आणा."

"मी?" काका घाबरलेच.

"हो, तुम्हीच. बघू तरी."

काका दुपारी गेले. तागा घेऊन परत आले, सायकल दारात लावली, तोवर काकूंना दवाखान्यात हलवलं होतं. त्या परत आल्या नाहीत. तो तागा तसाच ओसरीवर पडून होता. तेराव्यानंतर हाजीसाब स्वतः आले, काकांजवळ बसले नि जाताना तागा उचलून घेऊन गेले.

मला वाटलं, आता हे खूळ गेलं. कसलं जातंय. सहा-सात महिन्यांनी बघते तो, सायकलच्या कॅरिअरवर तागा. दुसऱ्या दिवशी तोंड सिटी चौकाकडं. कुणी तरी सवयीनं विचारलं, "काय झालं काका?" नि काकांनी सवयीनं सांगितलं, "नामंजूर."

गल्ली आधी हसली, मग हसायची थांबली. काहीजण डोक्याला बोट लावून खुणा करायला लागले. हाजीसाब मात्र तसेच. "सरकार क्या बोले?" विचारायचे, "हौ, रखो उधर" म्हणायचे. त्यांनी एकदाही वेगळं काही विचारलं नाही.

मला मात्र राग यायचा. कारण थंडी पडली होती नि काका एक विटकी चादर पांघरून झोपत होते. खोकला भिंतीपलीकडून मला ऐकू यायचा. गोधडी घडी करून पलंगावर ठेवलेली. काठाविना तिच्या कडा सुटायला लागलेल्या, धागे लोंबायला लागलेले. मी म्हटलं, "काका, काठ लागेल तेव्हा लागेल, पांघरा तर खरी."

"अपुऱ्या कामावर सही होत नाही, सूनबाई."

मग मीच हिकमत केली. माझ्या आईच्या लुगड्याचा लाल काठ जपून ठेवला होता, तो काढून दिला. म्हटलं, याला कुणी नाव ठेवूच शकत नाही. काकांनी डोळ्याला लावून घेतला. सकाळी नीट घडी करून परत. "नामंजूर. माफी असावी."

माझं डोकंच फिरलं. "काका, नामंजूर करायला आता आहे कोण?"

बोलले ते बोलले. बरंच झालं. काका ओसरीच्या कडेला बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"तेच तर," ते म्हणाले. "आधी लई सोपं होतं बघा. मी आणायचं, तिनं परत पाठवायचं. आता घरी नेतो, गोधडीशेजारी पसरतो नि बसून राहतो. ती काय म्हणेल ते ऐकायचा प्रयत्न करतो. काही ऐकू येत नाही. मंजूर म्हणावं तर कुणाच्या जोरावर म्हणू? तिनं जन्मात एकच काम विश्वासानं सांगितलं, नि ते चुकलं तर सांगायलाही ती नाही."

मी आत जाऊन चहा केला. चहा पिऊन झाल्यावर म्हटलं, "उठा. आज मी येते. आज काठ घेतल्याशिवाय परत यायचं नाही."

हाजीसाबांनी आम्हाला गादीवर बसवलं. एकेक तागा उलगडत गेले. मी आपली शहाण्यासारखी एक गर्द मेंदी काढली, एक मरून काढला. मरून तर असा शोभला असता, की सगळ्या त्या वेड्या तुकड्यांना जरा वळण लागलं असतं. काका मान डोलावत होते. चांगलं आहे, म्हणत होते. आणि नजर मात्र सगळ्यात खालच्या फळीवर.

"हाजीसाब," ते म्हणाले, "ये अभी तक है?"

हाजीसाबांनी वाकून तागा ओढला, धूळ झटकली. नारिंगी जमीन, जांभळे मोर. मी ओळखलाच. माझ्या लग्नाच्या आठवड्यातला. दाराच्या पडद्यासाठी काकांनी नेला होता तो, नि त्या दिवशी संध्याकाळी काकूंचा आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला होता.

"हौ नाझरसाब. सरकारने वापस भेजा, उसके बाद कोई हाथ नहीं लगाया."

"काटो," काका म्हणाले.

हाजीसाबांच्या हातात कात्री होती, पण ती पुढं येईना. एवढ्या वर्षांत या गिऱ्हाइकाचं कापड त्यांनी कधी कापलं नव्हतं. "सोच लो. काटा तो वापस नहीं होता."

"काका, हे कसं?" मी मधेच बोलले. "हे तर काकूंनी परत पाठवलं होतं."

"म्हणूनच, सूनबाई. तिनं परत पाठवलेलं बाकी सगळं विकलं गेलं; आता या सगळ्या दुकानात एवढ्या एकाच कापडावर सरकारचा निकाल झालेला आहे. बाकी सगळ्यावर मला अंदाज करावा लागतो. हा निकाल मला तोंडपाठ आहे." मग हाजीसाबांकडं वळून पुन्हा म्हणाले, "काटो."

हाजीसाबांनी कापलं. कापताना ते खालीच बघत होते.

काठ मीच लावला, दोन दुपारी बसून. खरं सांगते, इतकी भयंकर गोधडी मी कुठं बघितली नाही. पोपटी, पट्टेरी, तो बिननावाचा खण, नि चारी बाजूंनी मोर. पण लावून झाल्यावर जरा लांबून बघितली, तर त्या सगळ्या नको असलेल्या तुकड्यांमधे तो काठ बिलकूल परका वाटेना. मरून लावला असता तर तोच उपरा दिसला असता.

संध्याकाळी नेऊन दिली. काकांनी पलंगावर पसरली, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत काठावरून हात फिरवला नि उभे राहिले.

"काय म्हणाल्या होत्या काकू?" मी विचारलं. मला माहीत होतं, पण विचारलं.

काकांनी घसा साफ केला. "अहो, हे मोर आहेत का उपाशी कोंबड्या? हे दारावर लावलं तर पाहुणा उंबऱ्यातून माघारी जाईल. डोळे कचेरीत ठेवून आलात का?" अगदी काकूंच्याच चालीवर म्हणाले, 'कचेरीत' वर तोच ठसका देऊन.

सकाळी मी अंगणात सडा टाकत होते. रात्री भिंतीपलीकडून खोकला ऐकू आला नव्हता. काका दात घासायला बाहेर आले, तर म्हटलं, "काय काका, झोप लागली का?"

"गाढ," काका म्हणाले. "लई दिवसांनी बोलणी खाऊन झोपलो."