दौलतरावांची गुप्त चौकशी

दौलतराव जगदाळे रोज सकाळी सहाला फिरायला जातात आणि नऊला परत येतात, यावर अख्ख्या स्नेहलतागंज मोहल्ल्यात एकट्या इंदिराबाईंचाच विश्वास नव्हता. फिरून आलेल्या माणसाच्या चपलांना धूळ हवी. यांच्या बोटांना शाई असायची. शिवाय फिरायला जाणारा माणूस पिशवी कशाला नेतो?

एका संध्याकाळी त्यांनी पिशवी उघडलीच. आत एक वही. पहिल्याच पानावर नवऱ्याचं अक्षर : ‘सर्व माणसे मर्त्य आहेत. दौलतराव माणूस आहे. म्हणून –’ पुढे पान कोरं होतं.

इंदिराबाईंनी वही होती तशी परत ठेवली. जेवताना त्यांनी खिचडीवर दुप्पट तूप वाढलं आणि विचारलं, “अहो, तबियत ठीक आहे ना तुमची?”

“एकदम बढिया. का?”

“काही नाही, अशीच पूछ केली,” त्या म्हणाल्या, पण संशय काही गेला नाही.

खरी गोष्ट अशी की एक्केचाळिसाव्या वर्षी दौलतराव कॉलेजात जात होते. मध्यप्रदेश नवा झाला, तसे दफ्तरातले नियमही नवे झाले. हेडक्लार्क व्हायला बी.ए. हवं. काल ज्या पोराला यांनी फायलीला दोरा बांधायला शिकवलं, तो आज यांची फाईल परत पाठवू लागला. ते मनाला फार लागलं. वडील गेले तेव्हा इंटरनंतर सुटलेलं शिक्षण त्यांनी गेल्या वर्षी सकाळच्या वर्गात पुन्हा धरलं. पहिल्या दिवशी ते वर्गात शिरले तेव्हा सगळी मुलं प्रोफेसर समजून उठून उभी राहिली होती.

पहिल्या वर्षाची फी सायकल विकून भरली. घरी सांगितलं, सायकल पंक्चरला दिलीय. ते पंक्चर तेरा महिने चाललं होतं. दुसऱ्या वर्षासाठी त्यांनी पान-तंबाखू सोडून पैसे साठवले, ते एका फीपुरते. पण यंदा त्यांची लेक अरुंधती मॅट्रिक झाली आणि तिलाही कॉलेजात जायचं होतं. घरात हे गुपित तिला एकटीलाच माहीत होतं, कारण तर्कशास्त्र बापाच्या डोक्यात उतरवण्याचं काम तीच करत असे. आईचं म्हणणं, आता पोरीचे हात पिवळे करायचे.

“मला मदत मिळाली, की साठवलेले पैसे तुझ्या फीला,” दौलतरावांनी लेकीला शब्द दिला, आणि ‘होतकरू विद्यार्थी साहाय्यक मंडळा’कडे गुपचूप अर्ज टाकला. पणजोबांना होळकर दरबारातून मिळालेली तलवार भिंतीवर टांगलेली. तिच्याखाली बसून मदतीचा अर्ज लिहिला हे इंदिराबाईंना कळलं असतं, तर ती तलवार कदाचित खाली आली असती. म्हणून अर्जात शेवटी लिहिलं : ‘कृपया घरी कळू देऊ नये.’

मंडळालाही संशय होताच. वय एक्केचाळीस, नाव दौलतराव आणि म्हणे गरजू विद्यार्थी! चिटणीस अप्पासाहेब शिर्के स्वतः गुप्त चौकशीला निघाले.

मंगळवारी सकाळी समोरच्या सरोजिनीबाई पदर सावरत धावत आल्या. “ओ इंदिराबाई, एक आदमी आला होता. चष्मेवाला, हातात डायरी. तुमची पूरी पूछताछ करून गेला! कमावणारे किती, घर किरायाचं की स्वतःचं, कर्ज आहे का, मुली किती. मी विचारलं, ‘काय काम आहे?’ तर बोलला, ‘ते सांगता येणार नाही.’ उद्या आठ वाजता तुमच्याकडे येणार आहे.”

इंदिराबाईंचा चेहरा उजळला. घराण्याची अशी चोरून चौकशी आपल्यात कोण करतं? मुलाकडचे! “स्थळ आहे हो सरोजिनीबाई! तुम्ही काय सांगितलं?”

“मी काय कच्ची आहे? बोलले, राजासारखं घर आहे.”

दुसऱ्या दिवशी आठ वाजता ते खरंच राजासारखं होतं. सरोजिनीबाईंचा रेडिओ, वरच्या मजल्यावरच्यांचे चांदीचे सहा पेले आणि कुणाचा तरी गालिचा. अरुंधती जरीच्या साडीत फुरंगटून उभी. दौलतराव अर्थातच ‘फिरायला’ गेलेले.

अप्पासाहेबांनी चांदीचा पेला हातात घेऊन उलटा करून पाहिला. “यजमानांचा पगार किती?”

“पगाराचं काय विचारता? हौस म्हणून नोकरी करतात!”

“मतलब, दुसरं उत्पन्न आहे?”

“महूला जमीन आहे ना.”

“अडचण वगैरे काही नाही?”

“अडचण?” इंदिराबाई हसल्या. “आम्हीच लोकांच्या अडचणी निवारतो. पोहे घ्या ना, जिलबी पण घ्या!”

अप्पासाहेब सगळं लिहून घेत होते. जाताना त्यांनी अरुंधतीकडे, तिने मुकाट्याने वाढलेल्या पोह्यांकडे आणि रेडिओकडे एकदा निरखून पाहिलं.

आठ दिवसांनी मंडळाचं पत्र आलं आणि नेमकं इंदिराबाईंच्या हातात पडलं. ‘आपल्या घरी रेडिओ, चांदी व महू येथे जमीन असल्याचे समक्ष पाहिले व ऐकले. सबब अर्ज नामंजूर.’

दौलतरावांनी पत्र ओढून घेतलं. “महूला जमीन? आपली?”

“तुमच्या काकांची होती की!”

“अगं, ती विकून वीस साल झाले!”

मग सगळंच बाहेर आलं; कॉलेज, फी, सायकलसुद्धा. इंदिराबाई कडाडतील म्हणून बाप-लेक वाट पाहत राहिले, पण त्या रडू लागल्या. “सहा वाजता उपाशीपोटी जात होते तुम्ही. मला सांगितलं असतं तर दोन पोळ्या नसत्या करून दिल्या? आणि ते मर्त्य-बिर्त्य लिहिलेलं! मी सोमवार धरले ना हो तुमच्यासाठी!”

दौलतरावांना बायकोचं इतकं वाईट वाटलं, की त्यांनी लगेच फेरविचाराचा अर्ज लिहायला घेतला. या वेळीही तो तलवारीखालीच, पण इंदिराबाईंच्या देखरेखीत लिहिला गेला.

चार दिवसांनी अरुंधतीने दारातूनच सांगितलं, “आई, कार्ड आलंय. अप्पासाहेब रविवारी चारला सहकुटुंब येतायत.”

“बायकोला घेऊन?” इंदिराबाईंचे डोळे बारीक झाले. “पक्की समजले मी. तो बैठक तपासणार आणि ती रसोई! येऊ दे.”

रविवारी घरात चटईसुद्धा धड नव्हती. डबे रिकामे करून झाकणं उघडी ठेवलेली. अरुंधती विटक्या साडीत नळावर राखेने भांडी घासत होती. दौलतरावांना कोपऱ्यात बसवून ‘तुम्ही फक्त खोकायचं’ अशी ताकीद होती. चहा आला तो कान तुटलेल्या कपांत, बिनसाखरेचा.

अप्पासाहेबांच्या बाईंनी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. “मुलीला स्वयंपाक येतो ना?”

“येतो ना, पण घरात शिधा पाहिजे,” इंदिराबाई म्हणाल्या.

“आणि लग्नाचं काय ठरवलंय?”

“कसलं लग्न, बाई! अंगठीभर सोनं नाही घरात.”

अप्पासाहेब चुळबुळले. “पण ती महूची जमीन?”

“विकून वीस साल झाले.”

“रेडिओ?”

“शेजारणीचा.”

“अन् चांदीचे पेले?”

“वरच्यांचे! आमच्याकडे फक्त ती एक तलवार आहे, ती पण म्यानातून निघत नाही.”

दौलतराव खोकले. अप्पासाहेबांनी बाईंकडे पाहिलं, बाईंनी दाराकडे पाहिलं आणि दोघं घाईने उठले.

पंधरवड्यात मंडळाचं दुसरं पत्र आलं : ‘परिस्थिती समक्ष पाहून मन व्यथित झाले. पूर्ण फी मंजूर.’ साठवलेल्या पैशांतून अरुंधतीचं नाव कॉलेजात दाखल झालं. इंदिराबाईंनी सगळ्या आळीत पेढे वाटले आणि ‘त्या बाईला मी कशी चीत केली’ ते प्रत्येक घरी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी अभ्यासाला बसताना दौलतरावांनी तर्कशास्त्राचं पुस्तक उघडलं, तर खुणेला घातलेलं एक पोस्टकार्ड निघालं. ‘आपले घर व कन्या दोन्ही पसंत पडली. आमचे चिरंजीव पोलोग्राउंडच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत. त्यांच्यासाठी मुलगी पाहण्यास रविवारी चार वाजता सहकुटुंब येत आहोत. अप्पासाहेब शिर्के.’

त्यांनी ते दोनदा वाचलं. “अरुंधती, हे कार्ड तू आईला नाही दाखवलंस?”

“रविवार सांगितला, चार वाजता सांगितलं, सहकुटुंब पण सांगितलं,” वहीतून मान वर न करता ती म्हणाली. “सगळं खरंच होतं ना, बाबा? निष्कर्ष आईने काढला.”

दौलतराव लेकीकडे पाहतच राहिले. इतकी वर्षं दफ्तरात काढली, पण एवढी साफ फाईल त्यांनी पाहिली नव्हती.

“काय कुजबुज चाललीय बाप-लेकीची?” आतून इंदिराबाईंचा आवाज आला. “मला शक येतोय हां!”

“काही नाही गं, अभ्यास,” म्हणत दौलतरावांनी कार्ड पुन्हा खुणेच्या जागी घातलं आणि पुस्तक मिटून मांडीखाली घेतलं.